मथुराबाईचं श्रमदान

राजूरच्या चुनाभट्टीवर मथुराबाईने सत्तावीस वर्षं काढली. राजूरला एका अंगाला कोळशाची खाण आणि दुसऱ्या अंगाला चुन्याच्या भट्ट्या, त्यामुळे तिथला माणूस कामावरून येतो तो एक तर काळा नाहीतर पांढरा होऊन. मथुराबाई पांढऱ्यांतली. भाजलेला दगड टोपल्यात भरायचा, डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं, ट्रकमध्ये रिकामा करायचा, परत खाली. चुन्याने तिच्या बोटांची पेरं इतकी खाल्ली होती की आधार कार्डाच्या वेळी मशीनवर तिचे ठसेच उमटेनात. दोनदा जाऊन आली, तिसऱ्यांदा गेली नाही. कार्ड राहिलं ते राहिलंच.

नवरा धर्मपाल त्याच भट्टीवर झोकणदार होता, भट्टीत कोळसा झोकायचा. त्याला खोकला लागला आणि दोन उन्हाळ्यांत तो गेला. मुलगा अश्वजित पुण्याकडे कंपनीत लागला. पहिली काही वर्षं त्याचा फोन यायचा, मग फक्त चौदा एप्रिलला यायचा, मग तो नंबरच लागेना. मथुराबाई कुणी विचारलं तर सांगायची, "त्याचा फोन हरपला असन." स्वतःलाही तेच सांगायची.

भट्टीचा मालक वारला तेव्हा त्याच्या पोरांना चुन्यात रस उरला नव्हता. भट्टी थंड झाली, जागा विकली गेली आणि एक दिवस मजुरांच्या खोल्या पाडायला मशीन आली. खोल्या मालकाच्याच होत्या, तेव्हा भांडायचं तरी कुणाशी? मथुराबाईने पत्र्याची पेटी, बाबासाहेबांचा फोटो आणि दोन पातेली बाहेर काढली. पेटी गावातल्या एका ओळखीच्या बाईकडे ठेवली, ती आजही तिथेच असेल.

पुढची दोन वर्षं ती नुसती सरकत राहिली. आठ महिने नणंदेकडे, तिथे नणंदेच्या सुनेचं तोंड फिरल्यावर निंदणाच्या बायांबरोबर शेतोशेत, कापूस वेचताना कुणाच्या गोठ्यात. साठी जवळ आली, गुडघे बोलू लागले, तसं टोळीतल्या बायांनी बोलावणं सोडलं. शेवटी वणीचं बसस्थानक. तिने हात पसरला नाही. चहाच्या टपरीवाल्याला नळावरून पाणी भरून द्यायची, तो शिळे पोहे द्यायचा.

तिथेच एका सकाळी पांढरी गाडी येऊन थांबली. गाडीतून पंचेचाळिशीची, इस्त्रीच्या सुती साडीतली बाई उतरली. हातात फाइल. ती साधनाताई.

"आई, असं उघड्यावर किती दिवस राहणार? चला आमच्याकडे. छप्पर आहे, दोन वेळचं जेवण आहे."

मथुराबाईने आजूबाजूला पाहिलं. विचारायला कुणी नव्हतंच. ती गाडीत बसली.

संस्थेचं नाव लांबलचक होतं, पण आत सगळे नुसतं 'निवास' म्हणत. बोरी अरबच्या अलीकडे, रस्ता सोडून आत माळावर दोन लांब पत्र्याच्या दालनांची ती जागा. एकात बाया, दुसऱ्यात पुरुष. भोवती भिंत आणि लोखंडी फाटक. पोहोचल्या पोहोचल्या मथुराबाईचे केस कापले. उवा होतात म्हणून सगळ्यांचेच कापतात, असं साधनाताईने समजावलं. तिचं लुगडं घेऊन निळी साडी दिली. दालनातल्या चाळीस बायांच्या अंगावर तीच निळी साडी आणि डोक्यावर तेच बोटभर केस, त्यामुळे पहिले काही दिवस मथुराबाईला कोण कोण ते कळेना.

जेवण मात्र गरम होतं. डोक्यावर छप्पर होतं, आणि दाराला आतून कडी होती. बसस्थानकावर ती कधी पुरती झोपलीच नव्हती. इथे पहिल्या दिवशी जेवून पडली ती दुसऱ्या दिवशी घंटा झाली तेव्हाच उठली.

घंटा पहाटे व्हायची. प्रार्थना, चहा आणि मग श्रमदान. हा शब्द बापूजींचा. बापूजी निवासाचे संस्थापक, सत्तरीचे, खादीतले, हळू आवाजात बोलणारे. रोज प्रार्थनेनंतर ते सांगायचे, "इथं कुणी मजूर नाही आणि कुणी मालक नाही. खाल्ल्या अन्नाला जागायचं, एवढंच."

श्रमदान म्हणजे फेब्रुवारीपासून चिंच. पोत्यांनी चिंच यायची. टरफल काढायचं, लोखंडी दांड्याने ठेचून चिंचोका वेगळा करायचा आणि गर टोपलीत भरायचा. प्रत्येकीला चार टोपल्यांची वाटणी. चिंच संपली की बारदाना, म्हणजे रिकामी पोती, शिवायचा. शिवाय अंगणात नवं सभागृह उठत होतं. त्याच्या विटा, रेती, गिट्टी निवासातलेच लोक वाहायचे. ज्याची वाटणी पुरी होत नसे त्याच्या ताटात भाजी पडत नसे, नुसती पोळी. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. वाढणारी बाई साधनाताईकडे पाहायची आणि पळी मागे घ्यायची, बस्स.

मथुराबाईला कामाचं भय नव्हतं. भट्टीपुढे हे काम म्हणजे सावलीतलं. चार टोपल्या ती दुपारच्या जेवणाआधी भरायची. साधनाताई तिला इतर बायांपुढे उभी करून म्हणायची, "बघा, अशी दानत पाहिजे." आणि खरं सांगायचं तर मथुराबाईला ते ऐकून बरं वाटायचं. आपण फुकट खात नाही, याचं तिला फार समाधान होतं. इथल्या काही बाया कुरकुर करत, तेव्हा ती त्यांनाच बोलायची, "बाहीर काय होतं तुमचं? बसल्या जागी कोन देते बाप्पा?"

हंसाबाई तिच्या शेजारच्या खाटेवर होती. दिग्रसकडच्या बंजारा तांड्यावरची म्हातारी, सत्तरीला टेकलेली. हातावर जुनं गोंदण, कंबर काटकोनात वाकलेली. जन्मभर नवरा रामलालबरोबर ऊसतोडीला गेली होती. रामलाल फडावरच मेला. पुढे पुतण्याने तिला दवाखान्यात दाखवतो म्हणून यवतमाळला आणलं, बसस्थानकावर बाकड्यावर बसवलं, चहा घेऊन येतो म्हणाला. ती दोन दिवस त्याच बाकड्यावर बसून होती. उठून कुठे गेलं आणि तो चहा घेऊन आला तर चुकामूक होईल, म्हणून.

सकाळी डोळे उघडले की हंसाबाई कपाळाला हात लावून "जय सेवालाल" म्हणायची आणि मगच पाय खाली सोडायची. तिच्याने दीडच टोपली व्हायची. महिनाभर ती नुसती पोळी पाण्यात बुडवून खात होती, आणि मथुराबाई शेजारी बसून भाजी खात होती. एक दिवस मथुराबाईने भाजी तशीच ताटात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून तिने आपल्या चार टोपल्या झाल्या की हंसाबाईचा दांडा हातात घ्यायला सुरुवात केली.

"कायले करतं वं मथुरा?" हंसाबाई म्हणायची. "तुले काय कमी हाये काम?"

"तू बोलत राह्य. मले नुसत्या हातानं काम करनं जमत नाई, कानाले बी काही पाहिजे."

मग हंसाबाई बोलायची. फडावरच्या गोष्टी सांगायची, तांड्यावरच्या होळीच्या सांगायची. तिच्या बोलीतले शब्द मथुराबाईला अर्धे कळत, अर्धे नाही. 'याडी' म्हणजे आई, एवढं तिला पक्कं समजलं होतं, कारण कंबरेत कळ आली की हंसाबाई तेवढंच म्हणायची.

मार्चच्या शेवटी सभागृहाची घाई सुरू झाली. उद्घाटनाला मोठे पाहुणे यायचे होते. चिंच बाजूला ठेवून सगळ्यांना गिट्टीवर लावलं. मथुराबाईने साधनाताईला गाठलं.

"ताई, थे म्हातारी हाये. तिची घमेली मी नेतो."

"तुझ्या लाडामुळेच ती आळशी झाली आहे," साधनाताई म्हणाली. "हलकं घमेलं देऊ. हातपाय हलले पाहिजेत माणसाचे."

हंसाबाईने अर्धं घमेलं उचललं. तिसऱ्या खेपेला ती फळीच्या चढावर गेली आणि बाजूला पडली. फार उंचावरून नाही, कंबरेएवढ्या उंचीवरून. पण उठली नाही. मथुराबाईने तिला खाटेवर नेलं. मांडी हलवली की ती ओरडायची. साधनाताईने मलम दिलं, दोन गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी पाय सुजून काळानिळा झाला आणि अंगात ताप भरला. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला गाडीत घातलं.

"मी जातो संग," मथुराबाई म्हणाली.

"गरज नाही. दवाखान्यात सगळं असतं."

गाडी गेली. संध्याकाळी रिकामी परत आली. मथुराबाईने विचारलं तर साधनाताई म्हणाली, तिच्या नातेवाइकांना कळवलंय. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी हंसाबाईच्या खाटेवर नवी बाई आली, केस कापलेली, निळ्या साडीतली. तेव्हा मथुराबाई बापूजींच्या खोलीपुढे जाऊन उभी राहिली.

बापूजींनी तिला आत बोलावलं, खाली सतरंजीवर बसायला सांगितलं.

"मले यवतमाळले जाचं हाये. हंसाबाईले पाहाले."

"नियम तुला माहीत आहे, मथुरा. नातेवाईक येऊन सही करतो, तेव्हाच आपण माणूस सोडतो. ही तुमची काळजी म्हणून केलेली सोय आहे. उद्या रस्त्यात तुला काही झालं तर?"

"मले कोनीच नाई सही कराले."

"म्हणूनच तर तू इथं आहेस," बापूजी मायेने म्हणाले. "जा, चहा घे."

तिने चहा घेतला. मग घमेलं उचलून कामाला लागली. दुपारी गिट्टीचा ट्रक आला तेव्हा फाटक पुरतं उघडलं. ट्रक आत शिरला, पहारेकरी ड्रायव्हरशी बोलत होता. मथुराबाईने घमेलं खाली ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि चालत बाहेर पडली. धावली नाही. गुडघ्यांनी धावणं होतही नव्हतं.

मागून साधनाताईचा आवाज आला. "मथुरा, फाटकाबाहेर गेलीस तर परत घेणार नाही. तुझी जागा घ्यायला दहा जणी रांगेत आहेत."

मथुराबाई थांबली. ऊन डोक्यावर होतं. दालनातली तिची खाट खिडकीपाशी होती, त्या खिडकीतून वारा यायचा. वणीच्या बसस्थानकावरची फरशी तिला आठवली. ती तिथे किती वेळ उभी राहिली ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. मग ती रस्त्याकडे वळली.

डांबरी रस्त्यावर टरबुजं घेऊन जाणाऱ्या एका टेम्पोने तिला घेतलं. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात पोहोचेस्तोवर पाच वाजले. निळी साडी, बोटभर केस, नातेवाईक कोण म्हटलं तर सांगता येत नाही. दारावरच्या माणसाने तिला तीनदा वेगवेगळ्या इमारतींत पाठवलं. शेवटी बायांच्या वॉर्डात इंदुताई नावाच्या सिस्टरने तिचं नीट ऐकून घेतलं.

"वाकलेली म्हातारी? हातावर गोंदण? ती कोपऱ्यातल्या खाटेवर आहे. पण तिचं नाव नाही लिहिलेलं. आणणाऱ्यांनी रस्त्यात सापडली म्हणून सांगितलं. तिची शुद्ध येते-जाते, बोलते ते आम्हाला कळत नाही."

खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या कागदावर 'अनोळखी महिला' असं होतं. मथुराबाईला थोडंफार वाचता यायचं. तिने ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि सिस्टरकडे वळून म्हणाली, "अनोळखी कायची? हंसाबाई रामलाल राठोड. दिग्रसकडची. लिहा."

इंदुताईने तिथल्या तिथे लिहिलं.

हंसाबाईने संध्याकाळी डोळे उघडले. मथुराबाई ओल्या फडक्याने तिचे हात पुसत होती. म्हातारीला तिची ओळख पटायला वेळ लागला.

"जेवन सोडून कायले आली वं तू?"

"सुट्टी देली मले."

"सुट्टी देत असतात का थे लोक?" हंसाबाई क्षीण हसली. मग म्हणाली, "मायी वाटनी कोन करून राह्यलं?"

"झाली पुरी. तू पडून राह्य."

चार दिवस मथुराबाई तिथे राहिली. हाड मोडलं होतं, पण त्याहून वाईट म्हणजे तापाचं विष अंगात भिनलं होतं. आणायला उशीर झाला, असं डॉक्टरांनी तिला साध्या शब्दांत सांगितलं. मथुराबाई तिला पुसायची, कूस बदलायची, चमच्याने पेज भरवायची. इतर रोग्यांच्या नातेवाइकांनी आपल्या डब्यातलं थोडं थोडं तिला दिलं. हंसाबाई अधूनमधून पुतण्याला हाका मारायची. एकदा म्हणाली, "आला का थो चहा घेऊन?" मथुराबाईने जाऊन कुठूनसा अर्धा कप चहा आणला आणि तिच्या ओठांना लावला. कुणी आणला ते सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी, वॉर्डात जेवणाची गाडी फिरत असताना, हंसाबाई गेली. मथुराबाई तिच्यासाठी वरण घ्यायला उठली होती. परत आली तो सगळं संपलं होतं. तिने वाटी खाली ठेवली आणि म्हातारीच्या पायावर हात ठेवून बसून राहिली. रडू आलं ते फार उशिरा, आणि आलं तेव्हा थांबेना.

मग कागद सुरू झाले. दवाखान्याच्या चौकीतला हवालदार कपिल वही घेऊन आला. तरुण होता, उद्धट नव्हता.

"तुम्ही कोण यांच्या?"

"बहीन."

"तुमचं नाव मथुराबाई धर्मपाल, यांचं हंसाबाई राठोड. बहीण कशी?"

मथुराबाईने त्याच्याकडे पाहिलं. "तुमाले काय लिहाचं थे लिहा. पन मले तिची माती कराची हाये."

"आधार कार्ड आहे?"

तिने दोन्ही हात उलटे करून बोटं दाखवली. कपिलला आधी समजलं नाही. मग तिने भट्टीचं सांगितलं.

कायदा त्याच्या हातात नव्हता. त्याने तांड्याच्या पोलीस पाटलाला फोन लावला, पाटलाने पुतण्याला शोधलं. पुतण्या म्हणाला, आम्हाला येणं जमत नाही, तुम्हीच करून टाका. तीन दिवस वाट पाहून नगरपालिकेच्या गाडीतून न्यायचं ठरलं. कपिलने एवढं केलं की गाडीत मथुराबाईला बसू दिलं, आणि वहीत हंसाबाईचं पुरतं नाव, नवऱ्याचं नाव, गाव लिहिलं. मथुराबाईने निवासात काय झालं तेही सगळं सांगितलं, त्याने तेही उतरवून घेतलं. तिने अंगठा दिला. तो उमटला तो नुसता शाईचा गोळा.

खड्ड्यापाशी चार माणसं होती, त्यातली तीन नगरपालिकेची. तांड्यावरच्यांचा विधी मथुराबाईला ठाऊक नव्हता. तिने आधी "जय सेवालाल" म्हटलं, कारण म्हातारीची सकाळ त्यानेच व्हायची. मग हात जोडून आपलं त्रिशरण म्हटलं, कारण तिला तेवढंच येत होतं. माती ओढायला तिने फावडं मागून घेतलं. ते काम तिला येत होतं.

निवासात पुढे चौकशी झाली. दोन अधिकारी येऊन गेले, रजिस्टर पाहिलं, बायांना विचारलं. बायांनी सांगितलं, सगळं चांगलं आहे. सांगणार नाहीत तर जाणार कुठे? कागदावर काय निघालं ते मथुराबाईपर्यंत आलं नाही. सभागृहाचं उद्घाटन ठरल्या दिवशी झालं.

मथुराबाई दवाखान्यातच राहिली म्हणायला हरकत नाही. ज्यांचं कुणी नसतं अशा रोग्यांजवळ इंदुताई तिला बसवायची. पुसणं, भरवणं, कपडे धुणं. रोग्यांचं उरलेलं जेवण तिला मिळे, व्हरांड्यात पडायला जागा. काही महिन्यांनी इंदुताईनेच तिला शहरातल्या बेघर निवाऱ्यात खाट मिळवून दिली. तिथे कुणी केस कापले नाहीत. सकाळी उठून ती चालत दवाखान्यात येते, संध्याकाळी परत जाते.

पुढच्या वर्षी एका जयंतीला वॉर्डात फळवाटप होतं. पाच-सहा पाहुणे, फोटो काढणारा, आणि केळ्यांची टोपली घेतलेली साधनाताई. खाटेखाटेवरून येत ती मथुराबाईपाशी पोहोचली. मथुराबाईच्या मांडीवर एका लकवा झालेल्या बाईचं डोकं होतं, ती तिला पाणी पाजत होती. साधनाताईने केळं पुढे केलं आणि मग तिला ओळखलं. फोटोवाला पुढच्या खाटेकडे गेल्यावर ती खाली वाकून म्हणाली, "राग धरू नकोस मथुरा. परत यायचं असेल तर ये. तुझ्यासारखी कामाची बाई मला पुन्हा मिळाली नाही."

मथुराबाईने केळं घेतलं, सोललं, त्याचा छोटा तुकडा मोडून त्या बाईच्या तोंडात घातला.

"ताई, बाजूले सरता का थोडं," ती म्हणाली. "हिच्या तोंडावर हवा येऊ द्या."

साधनाताई सरली. पाहुण्यांबरोबर पुढच्या वॉर्डात गेली.

मथुराबाई अजून जाते दवाखान्यात. वॉर्ड पहिल्या मजल्यावर आहे, आणि आता कठड्याला धरून, मध्ये दोनदा बसूनच तिला वर जाता येतं. पुढचा पावसाळा आपल्याच्याने निघेल असं तिला वाटत नाही. इंदुताईची बदलीही व्हायची आहे. त्यानंतर तिला कोण बसू देईल, हे तिने कुणाला विचारलेलं नाही.